सुनेनं न घ्यायची नावं

माझा धाकटा मुलगा कुसाइन घरं बघायला जातो आणि मला गाडीत बसवून ठेवतो. काच चार बोटं खाली करतो, कुत्र्यासाठी करतात तशी, आणि म्हणतो, "अपा, तू बस इथेच. तुझे पाय दुखतात." माझे पाय! हा पोटात असताना याच पायांनी मी मांडीभर बर्फातून मेंढ्या हाकल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही. आता डांबरी रस्त्यावरून फाटकापर्यंत जायचं तर माझे पाय दुखतात. त्याला माझ्या पायांची काळजी नाही, माझ्या तोंडाची धास्ती आहे.

आम्ही वसंतात बायान-उल्गीहून इकडे आलो. मंगोलियात जन्मलो, पण आम्ही कझाक. तिकडे आम्हाला सगळे कझाक म्हणायचे आणि इथे कझाकांच्या देशात आल्यावर सगळे मंगोल म्हणतात. हे कोडं ज्यानं घातलं त्यानंच सोडवावं, मला वेळ नाही.

थोरले दोघे तिकडेच राहिले. आमच्यात आई धाकट्याकडे असते, म्हणून मी याच्यासोबत आले. मेंढ्या विकल्या, याक विकले, नवऱ्याची कबर मागे ठेवली आणि तालदीकोर्गानमध्ये एका दुकानामागच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. भिंती एवढ्याशा, की लग्नात माझ्या आईनं भरतकाम करून दिलेला भिंतीवरचा पडदा उलगडला तर निम्मा दारावर यायचा. तो गुंडाळीतच आहे. त्यात सून शिनारला दिवस गेलेत, बाळ ऐन थंडीत येणार. आणि दुकानदारीण रोज सकाळी झाडू हातात घेऊन येते आणि म्हणते, पहिला बर्फ पडायच्या आत खोल्या मोकळ्या करा, माझा भाऊ यायचाय. तिच्या भावाला मी ओळखत नाही, पण तो मला आवडत नाही.

म्हणून घरं बघणं. पहिल्या घरी मी आत गेले होते. मालकीणबाई केसाळ चपला घालून आली. मी सलाम केला, मुलाबाळांची विचारपूस केली, जनावरांची केली. ती थबकली. "तुम्ही मंगोलियाचे का हो?" म्हणाली. मी म्हटलं, "हो. तुम्ही कुठल्या?" तेवढ्यात तिला आठवलं की घर कालच विकलंय. आठ दिवसांनी तिथून गेलो तर फाटकावर 'घर विकणे आहे' तसंच लटकत होतं. दुसऱ्या घरी एका टकल्या माणसानं विचारलं, "न्हाणीघरात मेंढ्या तर बांधणार नाही ना?" मी म्हटलं, "बांधल्या असत्या, पण मेंढ्या नको म्हणतील. तुमच्या न्हाणीघराला वास येतो." तेही घर गेलं. कुसाइन म्हणतो माझ्यामुळे गेलं. वास येत होता की नाही, ते तो सांगत नाही.

तेव्हापासून मी गाडीत. डोक्यावरचा पांढरा किमेशेक काढून साधा रुमाल बांध, असंही एकदा म्हणून बघितलं त्यानं. किमेशेकाची झालर माझ्या छातीपर्यंत येते, लांबून दिसते. दिसू दे की! ती दिसण्यासाठीच असते. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुन्हा बोलला नाही.

त्या दिवशी शहराबाहेरच्या एका गावात गेलो. घराला पांढरा चुना, खिडक्यांना निळा रंग, मागे सफरचंदाची झाडं आणि गाईचा गोठा. गाडीतूनच मी भिंत मोजली. माझा पडदा मावून वर वीतभर जागा उरणार होती. शिनारनं माझ्याकडे वळून पाहिलं. तीही तेच मोजत होती. शहाणी पोर आहे, तिच्या तोंडावर मी म्हणत नाही एवढंच.

फाटकात एक उंच म्हातारा उभा होता. काबिदोल्ला त्याचं नाव. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, आणि आता मुलगा राजधानीत नवव्या मजल्यावर न्यायला निघालेला. हे सगळं कुसाइननं फोनवर ऐकलं होतं. हेही ऐकलं होतं की म्हाताऱ्यानं आधीच्या दोन गिऱ्हाइकांना चहा पाजून परत धाडलं. पैशांवरून नव्हे, त्याला माणसं पसंत पडली नाहीत म्हणून.

काचेतून मला बोलणं ऐकू येईना. नुसतं दिसलं. म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं. कुसाइननं पायाकडे बघत काहीतरी सांगितलं. आणि म्हाताऱ्यानं एकदम दोन्ही हात पसरून माझ्या मुलाला छातीशी धरलं! मी म्हटलं, हे काय नवीन? पहिल्या भेटीत गळ्यात पडावं इतका देखणा काही कुसाइन नाही.

मग म्हाताऱ्याचं लक्ष गाडीकडे गेलं. तो तरातरा आला आणि त्यानं स्वतः दार उघडलं.

"अरे, आईला गाडीत ठेवतोस? आपल्या कुळाच्या सुनेला? या वहिनी, या आत. हा तुमच्या दिराचाच उंबरा समजा."

वहिनी? दीर? मी कुसाइनकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी लोण्याचं मडकं फोडलं तेव्हा झाले होते, तसे.

आत म्हाताऱ्यानं मला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं. शेजारणीनं तळून दिलेले पिठाचे बाउरसाक, वाळवलेलं दही, जर्दाळूचा मुरंबा, सगळं स्वतः मांडलं. शिनारनं उठून चहा ओतायला घेतला. मी मीठ मागितलं. आम्ही दुधाच्या चहात मीठ घालतो.

"अपा," कुसाइन दातांतून म्हणाला, "मीठ नको ना आता."

"का? यांच्याकडे संपलंय?"

म्हातारा खदाखदा हसला. "माझी आजी घालायची मीठ! आता कोण घालतं? आण रे, खिडकीत बरणी आहे." मग माझ्याकडे वळला. "वहिनी, मी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. लोक म्हणतात म्हातारा सटकलाय. पण माझी बायको त्या टेकडीवर आहे. मी गेल्यावर ईदेला तिच्यासाठी दुवा कोण मागणार? कबरीवर गाई चढल्या तर कोण हाकलणार? परका आज घर घेईल, उद्या विकून जाईल. मी ठरवलं होतं, दिलं तर आपल्या नायमान कुळातल्यालाच देईन. आणि बघा, अल्लानं नायमानच धाडला. तुमचा मुलगा म्हणाला तसं."

आता मला कळलं मिठी कशाची होती.

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल तर सांगते. कुसाइनचा बाप केरेई कुळातला. त्याचा बाप केरेई, त्याचाही बाप केरेई. या भागात वस्ती नायमानांची, म्हणून माझ्या वाघानं फाटकातच कातडं बदललं होतं.

शिनारनं किटली खाली ठेवली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काय करणार ते तिला कळलं असावं आणि मी ते करू नये असं तिला वाटत असावं. एक हात पोटावर होता. तिच्या त्या नजरेनं माझी जीभ खरंच क्षणभर टाळ्याला चिकटली. भिंत मला समोर दिसत होती. दुकानदारीण आणि तिचा झाडूही दिसत होता. गप्प बसले असते तर संध्याकाळपर्यंत घर आमचं होतं.

म्हातारा खुशीत होता. "बरं, पोरा, सात पिढ्या सांग बघू. बघू तरी आपली वाट कुठे मिळते."

सात बापांची नावं आमच्यात पोराला बोलता आलं की येतात. कुसाइननं सुरू केलं. पहिलं नाव त्यानं बापाचं घेतलं, ते खरं घेतलं. तेवढी लाज शिल्लक होती. पण पुढची खरी कशी घेणार? याच्या पणज्याचं नाव अल्ताईच्या दोन्ही उतारांवर चालतं. ते ऐकलं की दगडसुद्धा सांगेल हा केरेई. तेव्हा माझा मुलगा माझ्यासमोर बसून माझ्या सासऱ्याच्या जागी भलत्याच माणसाला बसवू लागला.

"दोसिम... दोसिमचा बाप येलेमेस... येलेमेसचा काराकुल..." आणि तिथे गाडी अडली. इतका वेळ नावं कुठून आणत होता कोण जाणे. बहुतेक बाजारातल्या खाटकांची असावीत.

"अरे, पुढे?" म्हातारा म्हणाला. "आजकालची पोरं! वहिनी, तुम्हीच सांगा. तुम्हाला पाठ असतील."

मी वाटी खाली ठेवली.

"दादा, पहिलं नाव मी घेणार नाही," मी म्हटलं, "ते कुसाइनच्या बापाचं आहे. मी त्याच्या घरची सून आहे."

"बरोबर, बरोबर," म्हाताऱ्यानं मान डोलावली. "हल्लीच्या सुना नवऱ्याला नावानं हाका मारतात. तुमचं घराणं जुनं दिसतं."

"पुढची मात्र घेते की. त्यांना माझी काही हरकत नाही. दोसिम. येलेमेस. काराकुल. पुन्हा हवीत? काराकुल, येलेमेस, दोसिम."

म्हाताऱ्याचा हात बाउरसाकाकडे निघाला होता, तो तसाच राहिला.

आमच्यात सून सासरच्या कुठल्याच वडीलधाऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. जिवंत असो, मेलेला असो, सात पिढ्या वरचा असो. माझ्या सासऱ्याचं नाव घरातल्या एका रोजच्या वस्तूवरून ठेवलेलं. लग्न झाल्यापासून मी त्या वस्तूला 'ते धारवालं' म्हणते. एकदा लांडगा मेंढवाड्यात शिरला तेव्हाही मी 'धारवालं आणा, धारवालं आणा' असंच ओरडले होते. अशी बाई बसल्या जागी सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, पणजेसासऱ्याचं नाव गिऱ्हाइकाला हाक मारावी तसं पुकारते, म्हणजे ते तिचे सासरे नव्हेत. हे काबिदोल्लाला समजवायला लागलं नाही. त्यालाही आई होती, आजी होती.

तो हळूहळू कुसाइनकडे वळला.

"ही कोणाची नावं घेतलीस माझ्या अन्नावर बसून?"

शिनारनं डोळे मिटले.

"सांग," मी म्हटलं. "मला ती नावं घेता येत नाहीत, नाहीतर मीच घेतली असती आणि तुझ्यापेक्षा मोठ्यानं घेतली असती. तुझी जीभ आहे ना त्यासाठी? घे."

पोरानं घेतली. पहिली दोन पुटपुटला. तिसऱ्यापाशी मान वर आली. त्या पणज्याचं नाव घेताना आवाज असा लागला की मला वाटलं त्याचा बापच बोलतोय. सातही घेतली. मी ती इथे लिहिणार नाही. जी तोंडानं घ्यायची नाहीत ती हातानं तरी कशी घ्यायची? पण मी बसल्या जागी ताठ झाले होते, एवढं लिहिते.

"केरेई," म्हातारा म्हणाला. "तो केरेई! अरे, त्याचं नाव माझ्या बापानं सांगितलंय मला. आणि असा पणजा लपवून तू खाटकांची नावं सांगतोस?" म्हणजे त्यालाही तसंच वाटलं होतं.

"काका, लोक मंगोल म्हणतात आणि घर देत नाहीत," कुसाइन म्हणाला. "बाळ व्हायचंय. अपा नायमानाचीच लेक आहे. मला वाटलं, तेवढं खोटं..."

"तेवढं खोटं!" मी म्हटलं. "माणूस आईच्या कुळाचा कधीपासून व्हायला लागला? उद्या म्हणशील माझ्या बकरीच्या कुळाचा आहे, दूध तिचंही प्यायलोय!"

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण लगेच तो गंभीर झाला. "वहिनी, तुम्ही खरं बोललात, उपकार झाले. पण घराचं आता जमणार नाही. तुम्ही परके. माझ्या बायकोची कबर मी परक्याच्या भरवशावर कशी टाकू?"

शिनार वाट्या गोळा करू लागली. मला माहीत होतं हे होणार. तरी मी उठले नाही.

"दादा, मीही एक कबर मागे ठेवून आलेय," मी म्हटलं. "कुसाइनच्या बापाची. सांगू कोण बघतं ती? माझे थोरले मुलगे उन्हाळ्यात कुरणांवर असतात, लांब. कबर बघतो एक शेजारी. कझाक नाही, मुसलमानही नाही, त्याच्या आणि आमच्या देवांची ओळखसुद्धा नाही. निघताना मी त्याच्या तंबूत गेले आणि म्हटलं, माझा माणूस इथे राहतोय. तो म्हणाला, जा तू. गेल्या महिन्यात त्यानं थोरल्याकडून निरोप धाडला, वादळात पडलेले दगड पुन्हा रचले म्हणून. मी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. तुम्ही कूळ शोधताय. मी म्हणते शब्द पाळणारा शोधा. माझ्या मुलाचा शब्द आत्ताच तुमच्यासमोर नासला, तो मी पुढे करत नाही. माझा करते. माझा अजून कुणी परत आणून दिलेला नाही."

त्यानं टेकडीकडच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाला, "नायमानाची लेक म्हणाला हा. कोणाची?"

माझ्या माहेरची नावं घ्यायला मला कुणाची मनाई आहे? मी सांगितली. बाईमोल्दाची लेक मी, कुलांदा. बाईमोल्दाचा बाप तोक्तारबाय, त्याचा झुमादिल, त्याचा येसेनगुल, कोझाम्बेत, मामिरबाय, आणि सातवा बोरानबाय. न थांबता, न अडखळता. त्यानं बोटं मोजत ऐकली. शेवटच्या बोटावर त्याचा चेहरा बदलला.

"बोरानबाय... थोरला भाऊ डोंगर ओलांडून गेला आणि आमचा धाकटा इथे राहिला, त्यातला थोरला तो बोरानबाय?"

"आमच्याकडे सांगतात, भाऊ रडत होता आणि हा मागे वळला नाही."

"आमच्याकडे सांगतात, हा रडत होता आणि तो मागे वळला नाही." म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि एकदम आवाज चढवला. "अगं, मग तू माझी वहिनी कसली? बहीण आहेस! आणि हे गाढव माझा भाचा!"

"गाढव माझं आहे, दादा. तुम्ही म्हणू नका, मी म्हणेन."

"म्हण, म्हण. भाच्यावर हात उचलला तर मामाचा हात थरथरतो म्हणतात, म्हणून वाचला हा." तो कुसाइनकडे झुकला. "अरे मूर्खा, भाच्यानं मामाकडे काही मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर मामाच्याच घरात अवदसा येते. तू फाटकात खरं बोलला असतास, आईला हाताला धरून आत आणली असतीस, तर मला पळायला वाट नव्हती! आणि तू चोरीनं नायमान झालास. आपल्याच वाटणीचं घोडं रात्री दोर कापून नेणारा चोर मी पहिल्यांदा पाहिला."

शिनार हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

"मग माग आता," म्हातारा म्हणाला. "भाच्यासारखं माग."

कुसाइन गुडघ्यांवर आला. त्यानं मागितलं. घरही मागितलं आणि टेकडीवरची कबरही मागितली, सांभाळायला. ते दुसरं त्याला मी शिकवलं नव्हतं. किंमत फोनवर ठरली होती तीच राहिली. मामा म्हणून काबिदोल्लानं गोठ्यातली तांबडी गाय वर दिली आणि मी ती नको म्हटलं नाही. भाऊ देतो तेव्हा बहिणीनं आढेवेढे घेऊ नयेत.

मग म्हाताऱ्यानं हात झटकले. "घराचं झालं. पण हा माझ्या अन्नावर खोटं बोलला, ते राहिलंय. बहिणी, मुलगा तुझा. निवाडा तू कर."

शिनार माझ्याकडे बघत होती. कुसाइन खाली बघत होता.

"वर बघ," मी म्हटलं. "ऐक, कुसाइन. तू कष्टाळू आहेस, बायकोला जपतोस, दारू पीत नाहीस. पण तू घाबरलास, आणि घाबरलेला माणूस सगळ्यात आधी बापाला विकतो, कारण बाप मेलेला असतो, भांडायला येत नाही. तर आता माझा निवाडा. या घरात तू आईच्या पुण्याईनं शिरलास, पण राहायचं बापाच्या नावानं. सामान आलं की या गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी तू स्वतः जायचं आणि सांगायचं, मी केरेई, बायान-उल्गीहून आलो. कुणी मंगोल म्हटलं तर रागवायचं नाही, लाजायचंही नाही, त्याला जेवायला बोलवायचं. आज तुझ्या मागे सात जण उभे आहेत. पुढेही सात पिढ्या येतील, आणि त्यातलं एखादं पोर बोटं मोजत मोजत तुझ्यापाशी पोचेल. तुझं नाव त्याला मोठ्यानं घेता आलं पाहिजे, एवढं वाग. आता ऊठ, तांब्या आण आणि मामाच्या हातावर पाणी घाल. त्याला भूक लागलीये, आणि मलाही."